गाडी उभी, पण इंजिन धापा टाकतंय!

वाचकहो, ज्याच्या दावणीला बैल आहे त्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. नांगरावरून आलेला बैल थोडा वेळ धापा टाकतो, मग शांत होऊन रवंथ करू लागतो. पण सावलीत तासभर बांधलेला बैल धापा टाकत असेल, तर घरधनी हातातलं काम टाकून त्याच्याकडे जातो. कान गरम लागतात का बघतो, चारा खाल्ला का बघतो, गुरांच्या डॉक्टरला बोलावतो. बैलाच्या तोंडाला फडकं गुंडाळून 'आता आवाज येत नाही, बरा झाला' असं कोणी म्हणत नाही.

मी माझ्या गाडीच्या बाबतीत नेमकं तेच केलं. त्या शहाणपणापायी आंबा घाटात माझ्यावर आणि माझ्या म्हाताऱ्या आईवर जिवावरचा प्रसंग आला. देवाच्या दयेनं वाचलो. आज गावोगावी दारात छोटी-मोठी गाडी आली आहे, म्हणून ही हकिकत तुम्हाला सांगावीशी वाटते.

आमचं गाव रत्नागिरीहून पावसकडे जाताना लागतं. हापूसची शंभरेक कलमं आहेत, थोडी भातशेती आहे. सात वर्षांपूर्वी एक जुनी पेट्रोलची व्हॅन घेतली. तिचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे. आंब्याच्या पेट्या, खताच्या गोणी, बाजारहाट, रात्री-अपरात्री आजारी माणूस, सगळं तिनं निमूटपणे वाहिलं.

दोन वर्षांपूर्वीच्या चैत्रात, पाडव्यानंतर आठ-दहा दिवसांनी तिचा आवाज बदलला. गाडी उभी केली आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिन पूर्वी मंद गुरगुरायचं. आता ते कोणी पाय दाबून ठेवल्यासारखं घोंघावू लागलं. आपल्याकडे मिस्त्री लोक याला 'रेस वाढली' किंवा 'आयडलिंग वाढलं' म्हणतात. रत्नागिरीत मारुती मंदिरापाशी गर्दीत क्लच दाबून उभा राहिलो, तर शेजारचा रिक्षावाला वळून बघायचा. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला की पाय न लावता गाडी आपली आपण पुढं ओढायची. पेट्रोलही जास्त लागू लागलं.

बायको म्हणाली, "अहो, ही उगाच का ओरडते? एकदा नीट दाखवा तरी." मोसमाचे दिवस होते. झाडावर आंबा तयार, गडी मिळत नव्हते. मी तिच्यावर खेकसलो, "तुला गाडीतलं काय कळतं?" हे माझं बोलणं आई पडवीत बसून ऐकत होती. ते लक्षात ठेवा, पुढं त्याचा संबंध येणार आहे.

रस्त्यावरच्या एकाला गाडी दाखवली. त्यानं काही विचारलं नाही. सीट उचलली, पेचकस घेतला, हवेचा एक स्क्रू आवळला आणि आवाज उतरवून दिला. शंभर रुपये देऊन मी खुशीत घरी आलो. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवसापासून सकाळी गाडी चालू केली की बंद पडायची. मग मीच तो स्क्रू थोडा सैल केला. आवाज पुन्हा होता तिथं आला, किंबहुना वाढलाच. दुसऱ्या एका ठिकाणी सांगितलं, गाडीचा संगणक बदलावा लागेल, काही हजारांचं काम आहे. बागेचे पैसे हातात यायचे होते. मी ठरवलं, आवाज तर आवाज, गाडी चालते आहे ना, पावसाळ्यात बघू.

तेवढ्यात आईच्या डोळ्याची कोल्हापूरची तारीख आली. मोतीबिंदू काढला होता, तो दाखवायचा होता. जाताना नातेवाइकांकडे पोचवायला आंब्याच्या पंधरा पेट्याही घेतल्या. आई पुढच्या सीटवर बसली. हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा करत घाट चढलो. चढताना पाय ॲक्सिलरेटरवरच असतो, त्यामुळे काही जाणवलं नाही.

खरी गोष्ट परतताना घडली. आंबा घाटाचा उतार लागला. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी, पुढं अवघड वळण. ब्रेकवर पाय ठेवला तर पेडल दगडासारखं कडक! नेहमी अलगद खाली जाणारं पेडल जागचं हलेना. इकडे इंजिन आपल्याच जोरानं गाडी पुढं रेटत होतं. पाय काढला की गाडी धीमी व्हायला हवी, ती होत नव्हती. मी सगळं अंग मागे रेटून पेडल दाबलं, गिअर दुसऱ्यात टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढला. वळणापुढं दगडाशेजारी गाडी थांबली तेव्हा माझा सदरा घामानं भिजला होता. आईनं पदराचं टोक घट्ट धरून ठेवलं होतं. ती एवढंच म्हणाली, "थांबली ना? मग आता घाई करू नको."

पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीनं, कसेबसे साखरप्याला उतरलो. तिथं गाडी उभी केली, इंजिन घोंघावतच होतं. आई म्हणाली, "अरे, कुकरची रिंग गेल्यावर वाफ निसटते ना, तसा सूंऽऽ आवाज माझ्या पायाशी येतोय. जाताना पालीला चहाला थांबलो तेव्हासुद्धा येत होता."

"मग बोलली का नाहीस?"

"सुनेवर ओरडलास ते ऐकलं होतं. म्हटलं, आपल्याला काय कळतंय."

वाचकहो, घाटातल्या भीतीपेक्षा हे वाक्य मला जास्त लागलं.

रत्नागिरीतल्या ओळखीच्या एका वयस्क मिस्त्रींना फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, "काका, गाडी तिथंच ठेवा. इंचभर पुढं आणू नका. आजींना घेऊन एस. टी. नं घरी जा. उद्या सकाळी आपण दोघं जाऊ."

दुसऱ्या दिवशी ते हत्यारांची पिशवी घेऊन माझ्याबरोबर एस. टी. नं साखरप्याला आले. मला वाटलं, आता इंजिन खोलणार. पण त्यांनी पिशवी उघडलीच नाही. एखादा चांगला डॉक्टर नाडीला हात लावण्याआधी विचारतो तसे प्रश्न विचारत बसले. आवाज गार गाडीलाच येतो की गरम झाल्यावरही? एकसारखा असतो की कमी-जास्त होतो? कधीपासून? त्याच्या आधी गाडीवर काय काम झालं होतं? गाडी रात्री कुठं ठेवता? आजींना आवाज नेमका कुठून आला?

मग त्यांनी हातभर रबरी नळी काढली. एक टोक कानाशी धरलं आणि दुसरं टोक चालू इंजिनाच्या आसपास हळूहळू फिरवलं. एका जागी थांबले आणि मला ऐकायला दिलं. सूंऽऽ! आईनं सांगितलेला तोच आवाज. तिथं इंजिनाकडून ब्रेककडे जाणारा जाड रबरी पाइप होता. इंजिनाच्या बाजूला फडकं लावून त्यांनी तो पाइप पकडीनं दाबला. क्षणात इंजिन शांत झालं, पूर्वीसारखं मंद गुरगुरू लागलं. पकड सोडली, पुन्हा घोंघावणं सुरू. मग पाइप काढून माझ्या हातात दिला. खालच्या अंगाला बोटभर चीर होती आणि चिरेच्या कडेला बारीक दातांच्या खुणा.

"उंदीर," मिस्त्री म्हणाले. सीटच्या खाली कोपऱ्यात पेंढ्याचं घरटंच निघालं.

तो पेंढा माझाच. पेट्या भरायला लागतो म्हणून उडवीतला पेंढा मी गाडीच्या छपरीत आणून टाकला होता. पेंढ्यात भाताचे चुकार दाणे असतात, त्यावर उंदीर आले. गाडीच्या इंजिनाची ऊब मिळाली, कुरतडायला रबर मिळालं. दोष ना गाडीचा, ना संगणकाचा. पाइप आणि दोन क्लिपा मिळून चारशे रुपयांच्या आत काम झालं. आमच्या गाडीला इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा काटा नाही. मिस्त्रींच्या मीटरवर आधी मिनिटाला १,८०० च्या आसपास फेरे दिसत होते, नंतर ८५० दिसले. गरम झालेल्या छोट्या पेट्रोल गाडीचे फेरे उभ्यानं साधारण ७०० ते ९०० असावेत.

आता तुम्ही विचाराल, पाइपला भोक पडलं तर इंजिन जोरात का पळेल आणि ब्रेक कडक का होईल? मीही विचारलं. मिस्त्रींनी विहिरीवरच्या पंपाचा दाखला दिला. पंप पाणी ओढतो. त्याच्या ओढीच्या पाइपला चीर पडली की तो पाण्याऐवजी हवा घेतो. पेट्रोलचं इंजिनही असंच ओढ घेतं, पण हवेची. एक किलो पेट्रोल नीट जळायला जवळजवळ पंधरा किलो हवा लागते. ही हवा किती जाऊ द्यायची ते एक झडप ठरवते आणि त्या झडपेची दोरी आपल्या पायाखालच्या ॲक्सिलरेटरला असते. पाय काढला की झडप मिटते, अगदी थोडी हवा जाते, इंजिन मंद फिरतं. झडप मिटलेली असताना आत जोराची ओढ तयार होते. तिलाच मिस्त्री 'व्हॅक्यूम' म्हणतात.

पाइपला भोक पडलं की झडपेला वळसा घालून चोरवाटेनं हवा आत शिरते. आमच्यासारख्या गाडीत संगणक आतला दाब मोजतो, हवा जास्त आहे असं बघून पेट्रोलही जास्त सोडतो, आणि इंजिन पळू लागतं. संगणक बिचारा आपलं काम बरोबर करत असतो.

ब्रेकचं असं, की आपल्या पायाच्या जोरावर गाडी सहज थांबत नाही. म्हणून पेडलपुढं 'बूस्टर' नावाचा डबा बसवलेला असतो आणि तो याच ओढीवर चालतो. ओढ फाटक्या पाइपातून निसटली, की डब्याला काही मिळत नाही आणि पेडल कडक होतं. म्हणजे वाढलेली रेस आणि कडक ब्रेक ही दोन दुखणी नव्हती. एकाच चिरेची ती दोन लक्षणं होती. आवाज हा इशारा होता. स्क्रू आवळून मी तो इशाराच बंद करायला निघालो होतो. चीर जागेवरच राहिली, वाढली आणि घाटात उघडली.

मिस्त्रींनी त्या दिवशी मला काय बघायचं ते क्रमानं सांगितलं. तुम्हीही ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट, गार आणि गरम यातला फरक. सकाळी गार गाडीची रेस थोडी जास्त असते, तो रोग नव्हे. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली, त्या काळच्या कार्बोरेटरच्या गाड्यांना त्यासाठी चोकची खुंटी ओढावी लागे. आता संगणक ते काम करतो. काही मिनिटांत गाडी गरम झाली की रेस आपोआप उतरली पाहिजे. ती उतरत नसेल तरच पुढं बघायचं.

दुसरी गोष्ट, पायाखाली बघा. पायपुसणं सरकून ॲक्सिलरेटरवर बसलं आहे का? पायाच्या बोटानं पेडल वर उचलून बघा, रेस उतरली तर तिथंच अडकतंय. आपल्या किनाऱ्याच्या खाऱ्या हवेनं ॲक्सिलरेटरची तार गंजून अडकते. इंजिनाच्या टोकाला त्या तारेला किंचित ढील हवी, ती ताणलेली नको.

तिसरी गोष्ट, कान लावा. सूंऽऽ असा आवाज रबरी पाइप, त्यांचे सांधे किंवा इंजिनाला हवा पुरवणाऱ्या नळकांड्याच्या गॅस्केटपाशी येतो का? संशयाच्या जागी पाण्याचा बारीक फवारा मारला तर क्षणभर आवाज बदलतो. वायरी आणि प्लगवर पाणी नको. काही जण पेट्रोल मारून बघतात. तसं मुळीच करू नका, भडका उडेल.

चौथी गोष्ट, कूलंट. इंजिन किती गरम आहे ते संगणकाला एक छोटा सेन्सर सांगतो. कूलंट कमी झालं किंवा सेन्सर बिघडला, तर संगणकाला गाडी कायम गारच वाटते आणि तो रेस वाढवून ठेवतो. कूलंट गाडी पूर्ण गार असताना बघा. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर तोंड भाजेल.

एवढं सगळं ठीक असेल, तर हवेच्या झडपेत किंवा आयडलिंगच्या व्हॉल्व्हमध्ये काजळी धरलेली असते. ती मिस्त्रीकडून साफ करून घ्यावी. संगणक बदलायचा विचार सगळ्यांत शेवटी.

आणि ब्रेकची परीक्षा तर घरातलं कोणीही करू शकेल. गाडी सपाटीला, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून, इंजिन बंद ठेवा. ब्रेकचं पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल. पाय तसाच दाबून धरा आणि गाडी चालू करा. पेडल पायाखाली थोडं खाली सरकलं पाहिजे. सरकलं नाही तर त्या गाडीनं घाट उतरू नका. उतारावर कधी पेडल कडक झालंच, तर घाबरून पुन्हापुन्हा दाबू-सोडू नका, उरलेली मदतही संपते. ब्रेक गेलेला नसतो, त्याची मदत गेलेली असते. सगळा जोर लावून पेडल दाबून धरा, खालचा गिअर टाका, हँडब्रेक बेताबेतानं ओढा. चावी मात्र फिरवू नका, स्टिअरिंग अडकेल.

इंजिन चालू ठेवून बघताना गाडी उघड्यावर घ्या. बंद छपरीत धुराचा विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो. पदर, ओढणी, सदऱ्याची बाही पट्ट्यापासून दूर ठेवा.

ज्यांच्याकडे डिझेलचा ट्रॅक्टर किंवा टेम्पो आहे, त्यांनी हे जसंच्या तसं लावू नये. डिझेलच्या इंजिनाची उभ्याची रेस डिझेल पंपाचा गव्हर्नर किंवा नव्या गाड्यांत संगणक सांभाळतो. त्यात पेट्रोलसारखी ओढ तयार होत नाही. म्हणून ब्रेकला बूस्टर असेल, तर त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. तिथं रेस वाढली तर पंपाच्या जाणकारालाच दाखवा.

राहता राहिले उंदीर. मी पेंढा गाडीच्या छपरीतून हलवला आणि उडवी दूर रचली. गाडीत चाऱ्याचा किंवा भाताचा दाणा, पिकल्या आंब्याची साल राहू देत नाही. आठवड्यातून एकदा सीट उचलून बघतो. उंदराचं घरटं उघड्या हातानं काढू नका. त्यांच्या मुतानं लेप्टोस्पायरोसिस होतो. आपल्या कोकणात पावसाळ्यात त्यानं माणसं दगावली आहेत. हातमोजे घाला, नंतर साबणानं हात धुवा. विषाच्या गोळ्या पोरंबाळं, कुत्रं-मांजर, कोंबड्या फिरतात तिथं ठेवू नका. आणि छपरीच्या आसपास धामण दिसली तर मारू नका. ती बिनविषारी असते आणि उंदीर खाऊन तुमचंच काम करते.

साखरप्याहून गाडी घेऊन घरी आलो तेव्हा बायको अंगणात उभी होती. तो कुरतडलेला पाइप तिच्या हातात दिला आणि म्हणालो, "तुझं ऐकायला हवं होतं." ती काही बोलली नाही. आई पडवीतून म्हणाली, "आता कशी शहाण्यासारखी गुरगुरते बघ."

तो पाइप मी छपरीत खिळ्याला टांगून ठेवला आहे. नातवंडं विचारतात तेव्हा ही गोष्ट सांगतो. त्या दिवसापासून एक नियम केला आहे. गाडीत बसलेल्या कोणी, मग ते पोर का असेना, 'आवाज वेगळा येतोय' म्हटलं, की आधी गाडी थांबवायची आणि ऐकायचं.

तुमच्या दारातली गाडी जोरात घोंघावत असेल, तर आज संध्याकाळी दहा मिनिटं तिच्यापाशी थांबा. घरच्यांनाही बोलावून कान लावायला सांगा. स्क्रूला हात लावू नका. आधी तिला काय सांगायचं आहे ते समजून घ्या, आणि मगच घाट उतरायला निघा.